मोटारगाडीतील बिघाडांचे घरगुती निदान व दुरुस्ती

मोटारगाडीतील बिघाडांचे घरगुती निदान म्हणजे गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी मालकाने अथवा चालकाने डोळे, कान, नाक आणि मोजकी हत्यारे यांच्या साहाय्याने बिघाडाचे कारण शोधणे होय. कारण सापडल्यावर जे काम घरी सुरक्षितपणे होऊ शकते, त्यास घरगुती दुरुस्ती म्हणतात. निदान आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक बिघाडांचे निदान, निदान प्राथमिक पातळीवर तरी, घरी करता येते. दुरुस्ती मात्र त्यांपैकी थोड्यांचीच करता येते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे एकीकडे चांगले सुटे भाग विनाकारण बदलले जातात आणि दुसरीकडे ब्रेकसारख्या जिवावर बेतणाऱ्या भागांवर अननुभवी हात पडतात. प्रस्तुत लेखात पेट्रोल व डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी मोटारगाड्यांचा विचार केला आहे.

इतिहास

मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात चालक हाच दुरुस्ती करणारा असे, कारण दुसरा कोणी उपलब्धच नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी पती कार्ल बेंझ यांना न सांगता दोन मुलांसह जर्मनीतील मानहाइम ते फोर्त्सहाइम हा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास मोटारगाडीने केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीच्या पिनेने ती मोकळी केली, उघड्या पडलेल्या विजेच्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला आणि लाकडी ब्रेक झिजल्यावर त्यांवर चर्मकाराकडून चामडे ठोकून घेतले. इंधन त्यांनी वीसलोख गावातील औषधांच्या दुकानातून विकत घेतले. मोटारगाडीचा पहिला दूरचा प्रवास हा अशा प्रकारे रस्त्यावरील दुरुस्तीचाही पहिला प्रसिद्ध दाखला ठरतो.

पुढे १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीची रचनाच अशी साधी होती, की अमेरिकेतील शेतकरी ती स्वतःच खोलत आणि जोडत. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर आला. हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची कष्टाची व धोक्याची रीत त्यामुळे मागे पडली; पण गाडी सुरू होणे आता बॅटरीवर अवलंबून राहिले. आजही गाडी सुरू न होण्याच्या तक्रारींत बॅटरीचा वाटा मोठा असतो, त्याचे मूळ या बदलात आहे.

भारतात अँबॅसॅडर आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी (मूळची फियाट ११००) या गाड्यांनी अनेक पिढ्यांना दुरुस्तीचे धडे दिले. कार्बोरेटरमधील कचरा काढणे, प्लग घासून स्वच्छ करणे, पॉइंटमधील अंतर नीट करणे ही कामे मालक किंवा चालक स्वतः करीत. उन्हाळ्यात इंधनाच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली, की पेट्रोल पंपावर (म्हणजे इंजिनाजवळच्या इंधनपंपावर) ओले फडके ठेवण्याचा उपाय सर्वांना ठाऊक होता. इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाची पद्धत आल्यानंतर कार्बोरेटर आणि पॉइंट दोन्ही गेले. त्यांबरोबर ही कामेही गेली. आधुनिक गाडीत मालकाला काहीच करता येत नाही, हा समज मात्र बरोबर नाही. बॅटरी, फ्यूज, टायर, शीतक द्रव, पट्टे आणि गाळण्या आजही तशाच आहेत, आणि नित्याचे पुष्कळ बिघाड त्यांतच उद्भवतात.

निदानाची पद्धत

चांगल्या निदानाची सुरुवात बॉनेट उघडण्यापूर्वी होते. बिघाड नेमका केव्हा जाणवतो, हा पहिला प्रश्न: इंजिन थंड असताना की तापल्यावर, वेगात की सिग्नलला उभे असताना, ब्रेक दाबल्यावर की वळण घेताना? दुसरा प्रश्न त्याहून उपयोगी असतो: त्याआधी गाडीत काय बदलले? नवा म्युझिक सिस्टीम बसवल्यानंतर बॅटरी उतरू लागली असेल, किंवा सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्या दिवशी इंजिन अडखळू लागले असेल, तर शोध तेथूनच सुरू करावा. सैल राहिलेली जोडणी हे अशा वेळी नेहमीचे कारण असते. तपासणीचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे ठेवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतात, अन्यथा गाडी सुरू झाली तरी ती कशामुळे झाली हे कळत नाही.

गाडीखाली पडणारे डाग बरेच काही सांगतात. रात्रभर इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरून ठेवला, तर सकाळी डागाचा रंग व जागा स्पष्ट दिसते. स्वच्छ, बिनवासाचे पाणी हे वातानुकूलन यंत्रातून ठिबकलेले असते आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी, किंचित चिकट आणि गोडसर वासाचा द्रव म्हणजे शीतक. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा. लालसर द्रव बहुधा पॉवर स्टिअरिंगचा किंवा स्वयंचलित गिअरपेटीचा असतो. चाकाच्या आतील बाजूला फिकट पिवळा, बुळबुळीत ओघळ दिसला तर तो ब्रेकचा द्रव असण्याची शक्यता असते, आणि अशी गाडी तपासून घेतल्याखेरीज हलवू नये.

सायलेन्सरमधून येणाऱ्या धुरालाही असाच अर्थ आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधनाच्या प्रमाणात हवा कमी पडत आहे, आणि तेव्हा हवेची गाळणी प्रथम पाहावी. थंडीच्या दिवसांत सकाळी निघणारी व लगेच विरणारी पांढरी वाफ स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, शीतक कमी होत गेला आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर सिलिंडर हेडची गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. वासांपैकी करपट वास चढावर वा वाहतुकीच्या कोंडीत आला तर तो बहुधा क्लचचा असतो. कच्च्या पेट्रोलचा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करणे आणि सर्वांनी खाली उतरणे एवढेच करावयाचे असते.

गाडी सुरू न होणे

ही सर्वांत नित्याची तक्रार आहे आणि तिचे निदान बहुतांशी कानांनी होते. किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर काय ऐकू येते, यावरून शोधाची दिशा ठरते.

काहीच ऐकू येत नाही आणि डॅशबोर्डवरील दिवेही लागत नाहीत, तेव्हा बॅटरी पूर्ण उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलची जोडणी सुटलेली असते. दिवे लागतात पण लागोपाठ 'टक-टक-टक' असा आवाज येतो, तेव्हा बॅटरीत थोडी शक्ती असते, पण स्टार्टर फिरवण्याइतकी नसते. एकच जोरकस 'टक्' असा आवाज येऊन पुढे शांतता पसरली, तर दोष स्टार्टरमध्ये किंवा त्याच्या सोलेनॉइडमध्ये असू शकतो. याची खातरजमा करण्याची जुनी युक्ती म्हणजे हेडलाइट लावून किल्ली फिरवणे. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी वा तिची जोडणी दोषी. दिवे पूर्ववत तेजस्वी राहिले आणि तरी इंजिन फिरले नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही किंवा स्टार्टर नादुरुस्त आहे. अनेक नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याखेरीज, आणि स्वयंचलित गिअरच्या गाड्या 'पार्क' अथवा 'न्यूट्रल' स्थितीत असल्याखेरीज, सुरूच होत नाहीत. गॅरेजला फोन करण्यापूर्वी एवढे पाहून घेतलेले बरे.

इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, ही वेगळी अवस्था आहे. येथे बॅटरी दोषमुक्त ठरते आणि इंधन किंवा ठिणगी यांचा शोध घ्यावा लागतो. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत किल्ली पहिल्यांदा फिरवताच मागच्या आसनाखालून इंधनपंपाची दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही, तर पंपाचा फ्यूज किंवा रिले पाहावा. टाकीत इंधन आहे की नाही हेही पाहावे, कारण काटा अडकलेला असू शकतो. इंजिन सुरू होऊन क्षणात बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर चोरीविरोधी यंत्रणेने किल्ली ओळखलेली नसते. दुसरी किल्ली वापरून पाहणे हा पहिला उपाय.

महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतर उंदरांचा उपद्रव हे एक वास्तव कारण आहे. कोरडी व उबदार जागा म्हणून उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि तारा कुरतडतात. आठवडाभर उभी असलेली गाडी सुरू झाली नाही, तर बॉनेट उघडून लेंड्या, कचऱ्याचे घरटे व कुरतडलेल्या तारा पाहाव्यात. कुरतडलेली तार उघडी ठेवून गाडी चालवल्यास शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते.

बॅटरीची तपासणी

गास्तोन प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल घटावरच आजच्या बहुतेक गाड्यांची बॅटरी आधारलेली आहे. तिच्यात सहा घट असतात व प्रत्येकाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. साध्या मल्टिमीटरने तिची प्रकृती कळते, मात्र गाडी काही तास उभी असावी लागते. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भारित, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली ती जवळजवळ उतरलेलीच समजावी. हा आकडा चांगला असूनही इंजिन फिरवताना दाब ९.६ व्होल्टच्या बराच खाली कोसळला, तर बॅटरी वरवर भरलेली दिसते पण आतून संपलेली असते. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. तेवढे मिळत नसतील, तर दोष अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात आहे. अशा गाडीला नवी बॅटरी घातली तरी तीही थोड्याच दिवसांत उतरते आणि खर्च वाया जातो. काही नव्या गाड्यांत संगणक हा दाब गरजेनुसार कमी-जास्त करतो, त्यामुळे एकाच वाचनावर निष्कर्ष काढू नये.

टर्मिनलवर जमणारी पांढरट किंवा निळसर-हिरवी भुकटी विजेला अडथळा करते. ती काढताना प्रथम ऋण (काळी) जोडणी सोडवतात व नंतर धन (लाल). जोडताना क्रम उलटा असतो. ऋण बाजू आधी सोडवल्यास पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी शॉर्टसर्किट होत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासावे, कोरडे करून घट्ट बसवावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत पातळी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालतात. नळाचे पाणी किंवा आम्ल घालू नये.

उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने जिवंत करताना केबल जोडण्याच्या क्रमाला फार महत्त्व आहे. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असाव्यात आणि गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावतात. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावून उरलेले टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावतात. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडतेच, आणि भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो. ही ठिणगी बॅटरीजवळ उडाली तर बॅटरीचा स्फोट होऊन आम्ल तोंडावर उडू शकते. काढताना हाच क्रम उलटा पाळतात. धक्का मारून गाडी सुरू करण्याचा परिचित उपाय केवळ हाताने गिअर टाकावयाच्या गाड्यांना लागू पडतो आणि त्यासाठी बहुधा दुसरा गिअर वापरतात.

इंजिन अति तापणे

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे जाऊ लागला, तर प्रथम वातानुकूलन बंद करावे. लगेच थांबणे शक्य नसेल, तर हीटर पूर्ण उष्णतेवर व पंखा जोरात लावतात. इंजिनातील काही उष्णता त्यामुळे गाडीच्या आत खेचली जाते. प्रवाशांना ते त्रासदायक असले तरी इंजिन वाचते. नंतर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास थांबावे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे हा घरगुती दुरुस्तीतील सर्वांत परिचित अपघात आहे. शीतक द्रव दाबाखाली असल्यामुळे १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, द्रव एकदम उकळून उफाळतो आणि चेहरा व हात भाजतात. ओले फडके धरून झाकण उघडण्याची रीत रस्त्यावर नेहमी दिसते. ती सुरक्षित नाही. झाकणाला हाताचा तळवा सहज टेकवता येईपर्यंत थांबणे हाच उपाय.

गार झाल्यावर टाकीतील पातळी पाहतात. ती कमी असेल तर गळती शोधावी लागते: रबरी पाइप, त्यांच्या पट्ट्या, रेडिएटरच्या खालचा भाग आणि पाण्याचा पंप. पातळी बरोबर असूनही गाडी केवळ कोंडीत तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक राहत असेल, तर रेडिएटरचा विजेचा पंखा फिरत नाही असे समजावे. फ्यूज आणि रिले येथून सुरुवात करावी. उलट वेगात आणि चढावरच तापत असेल, तर रेडिएटर तुंबला असेल किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालून घरापर्यंत जाता येते, पण बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, म्हणून नंतर योग्य शीतक भरून घ्यावे. रंग सारखा दिसतो म्हणून दोन प्रकारचे शीतक एकत्र करू नयेत. रंगाला सर्वमान्य प्रमाण नाही. अनेक शीतकांतील इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे सांडलेला द्रव मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर राहील असे पाहावे.

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा (तेलाच्या झारीचे चिन्ह) ही वेगळी सूचना आहे. तो चालत्या गाडीत लागला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाण्याचाही विचार करू नये. दाबाखालील तेलाअभावी इंजिनाचे बेअरिंग अल्पावधीत निकामी होते.

पुराचे पाणी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या मोटारगाड्यांतच काही जणांचा गुदमरून मृत्यू झाला. पाण्यामुळे विजेवर चालणाऱ्या काचा व कुलपे काम करीनाशी झाल्यास गाडीबाहेर पडणे किती अवघड होते, हे त्यावेळी ठळकपणे समोर आले. गाडीत पाणी चढू लागल्यास वीज चालू असतानाच काच खाली करणे आणि गाडी सोडून देणे योग्य. पुढची काच थर असलेली असल्याने सहज फुटत नाही. बाजूची फोडावी लागते.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न हा इंजिनाच्या नाशाचे कारण ठरतो. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल, तर दट्ट्या वर येताना ते हवेसारखे दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा तुटतो. जे नुकसान गाडी ओढून नेल्यास किरकोळ राहिले असते, ते एकदा किल्ली फिरवल्याने इंजिन बदलण्यापर्यंत जाते. मोटार विम्याच्या साध्या पॉलिसीत असे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोडणी घ्यावी लागते. घरी करण्याजोगे काम एवढेच: हवेच्या गाळणीचे झाकण उघडून गाळणी ओली आहे का ते पाहणे, आणि ओली असल्यास बॅटरीची ऋण जोडणी सोडवून गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करणे. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरले गेल्यासही नियम हाच आहे. इंजिन सुरू करू नये, टाकी रिकामी करून घ्यावी.

ब्रेक

ब्रेकच्या बाबतीत घरी निदान करावे आणि दुरुस्ती जाणकाराकडे सोपवावी. ब्रेक दाबल्यावर बारीक, कर्कश किंचाळी येत असेल, तर पॅड झिजत आल्याची ती सूचना असू शकते. अनेक पॅडांवर त्यासाठीच धातूची पट्टी बसवलेली असते. खरखर घासल्याचा आवाज म्हणजे पॅड संपून धातू धातूवर घासत आहे. पॅडल दाबताना स्पंजासारखे मऊ लागले, तर नळ्यांत हवा शिरली आहे किंवा द्रव जुना झाला आहे. पॅडल हळूहळू खाली बसत गेले, तर मास्टर सिलिंडर किंवा गळतीचा संशय घ्यावा. ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जाते, तेव्हा एका चाकाचा ब्रेक अडकलेला असतो किंवा नीट लागत नसतो.

ब्रेकचा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर त्याची प्रमाणित मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. याचा परिणाम शहरात जाणवत नाही. बोरघाट, कसारा किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना तो जाणवतो. सतत ब्रेक दाबून ठेवल्याने उष्णता वाढते, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल एकाएकी तळाला जाते. म्हणूनच घाट खालच्या गिअरमध्ये उतरावयाचा असतो, आणि बहुतेक उत्पादक हा द्रव सुमारे दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात.

टायर

टायरच्या झिजेवरून गाडीच्या इतर भागांचीही माहिती मिळते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, आणि एकच कड झिजली तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले. ठरावीक वेगाला, बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे, स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नसते. भारतीय नियमांनुसार मोटारगाडीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. टायरच्या कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. वर्षानुवर्षे न वापरलेल्या स्टेपनीचे वय यावरून कळते.

चाक बदलताना गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढतात आणि तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावतात. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावे लागतात, नंतर चाक हवेत फिरू लागते. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. जॅक घसरून माणसे दगावतात. नट एकाशेजारी एक असे न आवळता समोरासमोरच्या क्रमाने आवळतात.

फ्यूज आणि बिघाड-संकेतांक

काच, वायपर, हॉर्न किंवा चार्जिंगचे सॉकेट यांपैकी एकच गोष्ट बंद पडली, तर फ्यूज प्रथम पाहतात. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तो पुन्हा लगेच उडाला, तर तारेत दोष आहे. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातल्यास फ्यूजऐवजी तार जळते.

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की गाडीच्या संगणकाने काही दोष नोंदवलेला असतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना अशा नोंदीची प्रमाणित व्यवस्था सक्तीची झाली. भारतात तिचा प्रगत टप्पा २०१३ पासून लागू झाला. डॅशबोर्डखाली १६ पिनांचे सॉकेट असते. त्यास स्वस्तातले ब्लूटूथ उपकरण जोडून मोबाइलवर संकेतांक वाचता येतात. 'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. 'पी०१७१' म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते आहे. संकेतांक लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. 'पी०१७१' पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ असतात, पण हवेच्या मार्गातील फाटलेल्या रबरी नळीमुळेही हाच संकेतांक येतो. संकेतांक नुसता पुसून टाकल्यास दिवा विझतो व दोष तसाच राहतो. दिवा लुकलुकत असेल तर न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन तो तापत असतो. गाडी हळू चालवून लवकरात लवकर थांबवावी.

घरी न करावयाची कामे

एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या, जोडण्या आणि विद्युत अथवा हायब्रिड गाड्यांतील नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या केबल यांना हात लावू नये. मुंबई व पुण्यात सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. वायूचा वास आल्यास टाकीवरील झडप बंद करून गाडी मोकळ्या जागी ठेवावी आणि अधिकृत केंद्राला कळवावे. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे. वातानुकूलन यंत्रातील वायू घरी भरता येत नाही. गार हवा कमी येत असल्यास केबिनची गाळणी साफ करणे एवढे काम मालकाचे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो.

दुरुस्तीचा हक्क व टाकाऊ वस्तू

गाड्यांचे संगणकीकरण वाढल्यावर दुरुस्तीची माहिती उत्पादकांच्या अधिकृत केंद्रांपुरतीच राहू लागली. त्याविरुद्ध अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि स्वतंत्र गॅरेजांना निदानाची माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. भारतात केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची उपकरणे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि टिकाऊ गृहोपयोगी वस्तू यांबरोबर मोटारवाहनांचाही समावेश आहे.

घरी काढलेले जुने इंजिन ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते बंद डब्यात भरून गॅरेजकडे द्यावे. जुन्या बॅटरीत शिसे व आम्ल असल्याने ती भंगारवाल्याकडे न देता नवी बॅटरी घेताना विक्रेत्याला परत करतात. विक्रेते तिच्या बदल्यात नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतात. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.